पडद्यावर पाणी

१

पडद्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडं होतं.

आताच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण शिवाजी पेठेच्या टोकाला आमचं जे पत्र्याचं थेटर होतं, तिथं पडदा भिंतीला लावलेला नव्हता. शेडच्या बरोबर मधोमध टांगलेला होता. मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवलेला. अलीकडं पुरुष बसायचे, पलीकडं बायका. मशीन पुरुषांच्या मागं. तिथून उजेड यायचा, कापडावर चित्र उमटायचं, ते पुरुष सरळ बघायचे आणि बायका कापडातून आरपार. कापड कोरडं असलं तर पलीकडं काही उतरत नाही, नुसता धूर दाटल्यासारखा दिसतो. ओलं केलं की चित्र तिकडं जातं. म्हणून खेळाच्या आधी मी आडाचं पाणी शेंदायचो आणि पितळी पिचकारीनं वरपासून खालपर्यंत पडदा भिजवायचो. सगळीकडं सारखी ओल बसली पाहिजे. घाई केली की ओघळ येतात, आणि मग हिरॉईन उगाच रडतेय असं दिसतं.

गावातल्या बाकीच्या थेटरांनी बायकांना वर वेगळी जागा करून दिली होती. आमचे मालक बाहुबलीअण्णा म्हणायचे, "चाललंय न्हवं? मग चालू दे की." त्यामुळं चालत राहिलं.

पडदा मध्येच वाळायला लागला की पलीकडून आरडाओरडा. "पिराजी, पाणी! हिरोचं डोस्कं वाळलं!" मग मी अंधारात बादली घेऊन कडेनं जायचो आणि हळूच फवारा मारायचो. पुरुष शिव्या द्यायचे, बायका गप्प व्हायच्या.

पलीकडून सगळं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी, तलवार डाव्या हातात. आमची शेजारीण धोंडुबाई म्हणायची, "भावजी, तुमच्याकडची मानसं उजव्या हातानं जेवत्यात, आमच्याकडची डाव्या. आमाला काय त्याचं? सासरी आल्यापास्नं सगळं उलटंच बघतोय."

मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं उलटी काय, सुलटी काय, मला सारखीच. मी आपला पाण्याकडं बघायचो.

२

एक्कावन्न किंवा बावन्न साल असेल. तो सिनेमा आला आणि गावात भांडण लागलं.

गोष्ट साधी होती. तळ्याकाठी मोठं घर, त्यात भाडेकरू राहतात आणि एकेक जण मरतो. मारणारा माणूस कंदील घेऊन जिना चढतो. पाठमोरा. सिनेमाभर पाठमोराच. शेवटी तो सुटतो, कंदील घेऊन वर जातो आणि दिवे लागतात. तोंड काही दाखवत नाहीत.

कोल्हापूरच्या माणसाला सिनेमाचं भ्या घालता येत नाही. निम्म्या पेठेनं कधी ना कधी इथल्या स्टुडिओत लाकडी तलवार घेऊन कॅमेऱ्यापुढून पळून घेतलेलं. पण हे त्यांना सोसेना. तालमीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"खुनी सुटतो म्हंजे काय?" एकजण अण्णांना म्हणाला. "आनि तोंड दाखवाया काय झालं त्येला? नवी नवरी हाय का?"

"मी काय काढलाय व्हय सिनेमा?" अण्णा म्हणाले. "मी फकस्त लावलाय."

"मग उतरवा."

कुणी म्हणालं, निदान बायकांना तरी दाखवू नका, मनावर परिणाम होतो. त्यानंतर बायकांची बाजू रोज भरायला लागली. तीनच्या खेळाला तर पायरीवरसुद्धा बसायच्या.

माझी बायको तानाबाई सिनेमाला जायची नाही. आमचा नरसू गेल्यापासून तिनं ते बंद केलं होतं. नरसू आमचा एकुलता एक. नृसिंहवाडीला नवस बोलून झालेला म्हणून नाव नृसिंह. मिसरूड फुटलं तसा पलटणीत गेला, तिथून बर्मात. लढाई संपली, पेठेतली पोरं एकेक करून परत आली, तो आला नाही. मेला असंही कुणी सांगितलं नाही. सापडत नाही, एवढंच. त्या दोन शब्दांवर तिनं इतकी वर्षं काढली होती.

त्या दिवशी धोंडुबाईनं तिला ओढूनच नेलं. "चल गं, जरा चार मानसांत बस."

संध्याकाळी मी घरी गेलो तर तानाबाई परातीपुढं बसलेली. पीठ मळून झालेलं, हात तसाच पिठात.

"मी त्येचं तोंड बघितलं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"कंदीलवाल्याचं."

मला हसू आलं. "अगं, ते दाखवतच न्हाईत. त्याच्यावरनंच एवढी बोंब चाललीय न्हवं का?"

"तुमच्याकडं दाखवत नसतील," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

३

माणूस मनाशी आधी साधी कारणं शोधतो. मीही शोधली.

दुसऱ्या दिवशी मी धोंडुबाईला विचारलं. ती म्हणाली, "व्हय की. आमच्याकडं तोंडच दिसतंय. तुमाला पाठ, आमाला तोंड. पडद्याचं उलटं हे सदाचंच न्हवं का?"

बायकांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं बघा. जन्मभर उलटं बघायची सवय. त्यांना वाटलं, जसा डावा उजवा होतो तशी पाठ पोट झाली असेल. तिकडं तालीमवाले तोंडासाठी घसा कोरडा करत होते, आणि पलीकडं बसलेल्या बायका रोज ते तोंड बघून, शेंगा खाऊन घरी जात होत्या. कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

"कसं हाय दिसायला?" मी विचारलं.

धोंडुबाई थांबली. "मानसासारखंच हाय. कुनाचं तरी वाटतंय, पर नाव आठवंना झालंय." मग पदर सारखा करून म्हणाली, "बघतंय मात्र सरळ आपल्याकडंच."

मशीनवर अंबादास होता, हुशार माणूस. मी त्याला सांगितलं. त्यानं विडी विझवली आणि मला फिल्मची पट्टी उजेडात धरून दाखवली. बोटभर माणूस, पाठमोरा.

"मामा, चित्र म्हंजे नुसता उजेड. हितं पाठ हाय तर तिकडं पन पाठच. पाठीतनं तोंड कसं दिसंल?"

"आनि बायका म्हंत्यात ते?"

"भ्याल्यात. भ्यालेल्याला भिंतीवर पन तोंड दिसतंय."

मला पटलं. पटल्यावर बरं वाटलं. मी पडदा भिजवला, बादली खाली ठेवली आणि सहज म्हणून पुरुषांच्या बाजूला कडेला उभा राहून तो जिना बघितला. माणूस चढत होता. कंदील डाव्या हातात. मनगटाला काहीतरी पांढरं गुंडाळलेलं.

संध्याकाळी येताना धोंडुबाई दारात तांदूळ पाखडत होती. मी विचारलं, "कंदील कुठल्या हातात असतोय गं?"

"डाव्या," ती म्हणाली.

मी चार पावलं पुढं गेलो आणि थांबलो.

मला डोकं कमी. मला हातानं करून बघावं लागतं. घरी आलो, ओलं धोतर दोरीवर पसरलं आणि कोळशानं त्याच्यावर पाठमोरा माणूस काढला. हात म्हणून काडी, कंदील म्हणून वर्तुळ, डाव्या बाजूला. मग दोरीखालून वाकून पलीकडं गेलो. ओल्या कापडातून माणूस दिसत होता, पाठमोराच, आणि कंदील उजव्या हातात गेला होता. परत अलीकडं आलो. डावा. पलीकडं. उजवा. चित्राचा हात बदलतो.

"तानू, जरा हितं हुबी ऱ्हा," मी हाक मारली. "डाव्या हातात तांब्या धर."

ती अंगणात येऊन उभी राहिली. मी तिच्याभोवती फिरलो. पुढून बघितलं, मागून बघितलं. तिच्या डाव्या नाकपुडीत चमकी होती. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, लहानपणी गोंदवलेली तुळस होती. तांब्या डाव्या हातात. मागं गेलो तरी डाव्यातच. माणूस कुठूनही बघा, त्याचा डावा तो डावाच राहतो. आणि पुढून बघितलं तर तोंड दिसतं, मागून बघितलं तर पाठ.

"काय खुळ्यागत फिरताय?" ती म्हणाली.

मी तिला सांगितलं नाही. धोतर दोरीवरून काढलं, कोळसा धुऊन टाकला. पण मला कळलं होतं. बाकी सगळी चित्रं होती. जिना चित्र होता, घर, तळं, मरणारी माणसं, सगळं चित्र. तो तेवढा उभा होता.

४

तानाबाई रोज तीनच्या खेळाला जायला लागली. आंघोळ करून, कासाचं हिरवं लुगडं नेसून, तांब्यात पाणी घेऊन. देवळात निघाल्यासारखी.

मी विचारायच्या आधीच एक दिवस तिनं सांगितलं. भाजी निवडत होती.

"त्यो नरसू हाय."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तुमाला आठवतंय का, लहानपनी त्यो डाव्या हातानं जेवायचा? लोक हसायची. म्हनून मी जेवताना त्येचा डावा हात चिंधीनं बांधून ठेवायची. रडायचा, तरी सोडायची न्हाई." ती देठ खुडत राहिली. "चिंधी हाय अजून. कुनी सोडलीच न्हाई."

ते पांढरं मी बघितलेलं होतं. मला वाटलं होतं, सिनेमावाल्यांनी काहीतरी गुंडाळलंय.

"तानू, तो नट हाय. म्हमईचा कोन तरी."

"व्हय," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पाठीकडनं असंल."

"अगं, तो खून करतोय त्यात."

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. "लढाईत काय दुसरं केलं आसंल त्येनं?"

मी खुडलेले देठ गोळा करायला लागलो. 

मग ती हळूहळू सांगायला लागली. तो रोज थोडा अलीकडं येतो. परवा जिन्याच्या खालच्या पायरीवर होता, काल पायरी सोडली. त्यानं तोंड उघडलं होतं, पण आवाजाचा कर्णा पुरुषांच्या बाजूला, तिला काही ऐकू आलं नाही. बांधलेला हात त्यानं पुढं केला होता. कापडापर्यंत आला होता हात.

"ती चिंधी मी बांधलीय," ती म्हणाली. "मीच सोडनार. त्येला भूक लागली आसंल."

भर दुपार होती. बाहेर कल्हईवाला ओरडत चालला होता. आणि मला एकदम कळलं की ही जाणार. कशी, कुठं, ते मला सांगता येत नव्हतं, पण कापडापर्यंत आलेला हात ही धरणार, आणि मग माझ्या घरात परातीपुढं कुणी असणार नाही. पोरगं गेलं तेव्हा मी हिच्या आधारानं राहिलो होतो. ही गेल्यावर मी कुणाच्या आधारानं राहायचं?

मी अण्णांकडं गेलो. "अण्णा, सिनेमा आजच उतरवा."

"तू पन तालमीत नाव घातलंस का काय?" अण्णा हसले. मग माझं तोंड बघून थांबले. "उतरवनारच हाय बाबा. रोजची कटकट नको. उद्याचा तीनचा शेवटचा."

"उद्याचा नको."

"तिकिटं गेल्यात की, पिराजी."

घरी आलो तर तानाबाईला आधीच कळलेलं. ती लुगड्याला घडी घालत होती. "उद्या शेवटचा म्हनं," ती म्हणाली. चेहरा कसा होता म्हणाल तर, नवसाला निघालेल्या पोरीसारखा.

५

दुसऱ्या दिवशी मी आडाचं पाणी शेंदलं, बादली भरली, आणि पडद्याला एक थेंब मारला नाही.

माझा हिशेब सरळ होता. कोरड्या कापडातून पलीकडं काही दिसत नाही. तिला धूर दिसेल, बायका शिव्या देतील, खेळ संपेल आणि ती माझ्याबरोबर घरी येईल. मी पुरुषांच्या बाजूला पडद्याजवळ बसलो. बादली पायात घट्ट धरून.

सिनेमा सुरू झाला. कोरड्या पडद्यावर चित्र अलीकडं जास्तच स्वच्छ दिसत होतं. पलीकडून लगेच ओरडा.

"पिराजी, पाणी!"

"मेला का काय हा?"

"आमी काय पत्रा बघाया आलोय?"

धोंडुबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. मी जागचा हललो नाही. पुरुष हसत होते. बराच वेळ असं चाललं. मग पडद्यावर जिना आला.

पलीकडच्या बायका एकदम गप्प झाल्या. दिवा मालवल्यासारख्या. एक बांगडी वाजली नाही.

माणूस चढत होता, पाठमोरा, कंदील डाव्या हातात. मी त्याच्या पाठीकडं बघत होतो. त्या पाठीत मी नरसू शोधला, खोटं कशाला सांगू. खांदे तसे होते. मान तशी होती. पण पाठ म्हणजे पाठ, कुणाचीही असते.

तेवढ्यात पाण्याचा आवाज झाला. तांब्यातून ओंजळीत घ्यावं, तसा. आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर पडद्यावर ओलीचा ठिपका उमटला. हाताएवढा. तो पसरत खाली उतरला. पिचकारीची ओल मी जन्मभर बघितली होती, ही तसली नव्हती. कुणीतरी तळहातानं हळूहळू सारवत होतं.

माणूस पायरीवर थांबला. तो तिथं कधीच थांबत नव्हता. त्यानं कंदील खाली ठेवला. रोज बघणारे पुरुष माझ्या मागं बसले होते, कुणी काही म्हणालं नाही, कुणी हललं नाही. त्यानं डावा हात पुढं केला, माझ्यापासून दूर, पलीकडच्या बाजूला. मला नुसता कोपर दिसत होता.

मग त्याच्याशेजारी कुणीतरी उभं राहिलं. तेही पाठमोरं. कासाचं लुगडं, अंबाडा. ती वाकून त्याच्या मनगटाशी काहीतरी करत होती, घट्ट बसलेली गाठ नखानं सोडवावी तशी. बाही मागं सरकलेली. कोपराच्या खाली तुळस दिसली.

उजव्या हातावर.

मी बादलीला अडखळून पडलो. उठलो, कडेच्या वाटेनं पळत पलीकडं गेलो. बायका ओळीनं बसल्या होत्या, समोर बघत. समोर पडद्यावर काही नव्हतं. धूर. मधोमध एक ओला डाग, आणि त्यातही काही नव्हतं.

पुढच्या बाकावर तानाबाई बसली होती.

बसली होती. मांडीवर रिकामा तांब्या पालथा. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. "झाला न्हवं?" ती म्हणाली. "चला घरला."

मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बायका हसायला लागल्या. धोंडुबाई म्हणाली, "पानी मारलं न्हाईसा म्हनून आता डोळ्यांतनं काढताय व्हय, भावजी?"

६

घरी येऊन तिनं चूल पेटवली. भाकरी केली. मी पाटावर बसलो. इतकी भूक मला कधी लागली नव्हती. तिनं भाकरी ताटात वाढली, आणि मी हात पुढं करता करता थांबलो.

तिनं डाव्या हातानं वाढली होती.

चुलीच्या उजेडात तिच्या नाकात चमकी चमकत होती. उजव्या नाकपुडीत. तुळस डाव्या हातावर होती.

मी जेवलो. जेवणारच की. भाकरी चांगली होती.

माणसाचं मन लबाड असतं, ते मालकाला सांभाळून घेतं. मला वाटलं, मीच विसरलो असेन. इतकी वर्षं तोंडापुढं असलेली वस्तू कुठल्या बाजूला होती हे माणसाला कुठं आठवतं? मी धोंडुबाईला गाठलं. "तानूची चमकी आधी कुठल्या बाजूला होती गं?"

"भावजी, बाईच्या नाकाकडं बघायचं वय ऱ्हायलंय का तुमचं?" ती हसली. "हाय त्याच बाजूला की." मग तिचं हसू थोडं सैल झालं. तिनं स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला. "न्हवं का?" ती म्हणाली. त्यानंतर ती आमच्याकडं दुपारची यायची कमी झाली.

एकदा तानाबाईला ताप आला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग काढली, दुसऱ्या बाजूला लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, काळजी करू नका, काही माणसांचं काळीज जन्मतःच उजवीकडं असतं. असतंही असेल. शिकलेला माणूस होता, खोटं कशाला सांगेल?

एक गोष्ट सांगायची राहिली. नरसूचं नाव मी एकदाच काढलं. ती अंगण सारवत होती, डाव्या हातानं, सुरेख.

"नरसू..." मी म्हणालो.

"बरा हाय," ती म्हणाली. शेजारच्या घरातली खबर सांगावी तशी. आणि सारवत राहिली.

ही वाईट बाई नाही. माझी मुलखाची सेवा केली हिनं. कधी आवाज चढवला नाही. आधीची चढवायची.

७

ते थेटर गेलं, अण्णा गेले. अंबादास मशीन सोडून गावी गेला. धोंडुबाईही गेली. मी आणि ही उरलोय. आता कुठंच पडद्याला पलीकडची बाजू नसते, मागं भिंत असते.

तानाबाईची फणेरपेटी होती, लाकडाची, झाकणात आरसा बसवलेली. कुंकू, फणी, सगळं त्यात. त्या शेवटच्या खेळानंतर हिनं ती उघडली नाही. ही वेणी अंदाजानं घालते, कुंकू बोटानं लावते, बरोबर मधोमध. पेटी फळीवर धूळ खात पडली होती.

एक दिवस दुपारी मी ती खाली काढली. दाढीचे चार केस कापायचे होते, दुसरं काही मनात नव्हतं. ही माझ्या मागं सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. मी झाकण उघडलं आणि आरशात माझ्या खांद्यावरून ती दिसली.

चमकी डाव्या नाकपुडीत. तुळस उजव्या हातावर. माझी तानाबाई.

तुम्ही म्हणाल, आरशात उलटंच दिसतं, त्यात काय? तेच मी मनाला सांगितलं. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं, ह्याच्यापलीकडं काही नाही. मी मान वळवून मागं बघितलं. ही मान खाली घालून खडे वेचत होती. परत आरशात बघितलं.

आरशातली माझ्याकडं बघत होती.

भ्यालो नाही म्हणत नाही. पण झाकण लावलं नाही. इतक्या वर्षांनी बघत होतो तिला. तिचा चेहरा थकलेला नव्हता. ती काहीतरी म्हणाली, ओठ हलले, आवाज नाही. कर्णा कुठल्या बाजूला आहे कुणास ठाऊक.

तेव्हापासून रोज तीनच्या सुमाराला मी पेटी उघडून बसतो. ही मागं काहीतरी निवडत असते. विचारत नाही. आरशात तानाबाईच्या मागं कधी एक खांदा दिसतो, कधी मनगट. मनगट मोकळं असतं. तोंड काचेच्या कडेबाहेर राहतं. एवढंच राहिलंय माझं. पाठ मी बघितली, तोंड बघायचं राहिलंय. तिनं रोज बघितलं, मी एकदाही नाही.

आणि काच जुनी झाली. पारा उडत चाललाय. दिवसेंदिवस पलीकडचं धुरकट दिसतं. पुसून झालं, राखेनं घासून झालं.

काल मला सुचलं. खरं तर आधीच सुचायला पाहिजे होतं. कोरड्यातून पलीकडचं दिसत नाही, जन्मभर मी एवढंच शिकलो होतो. मी वाटीत पाणी घेतलं, बोटं बुडवली आणि आरशावर शिंपडलं. सारखं, वरपासून खालपर्यंत, घाई न करता.

थेंब काचेवर बसले. ओघळ सुटले. मी ते सारखे करायला तळहात फिरवला.

काच कोरडी होती.

परत फिरवला. कोरडी. ओघळ डोळ्यांपुढं उतरत होते, आणि माझ्या हाताला पाणी लागत नव्हतं. ते माझ्या बाजूला नव्हतेच. मी बघत राहिलो. मग पलीकडून एक तळहात आला आणि त्यानं ते हळूहळू पुसून घेतले, नीट बघता यावं म्हणून पुसतात तसे. हात डावा होता. कुठल्याही बाजूनं बघितलं असतं तरी डावाच.

त्या पुसलेल्या जागेपाशी कुणीतरी वाकायला लागलं. आधी केस आले, मग कपाळ. तेवढ्यात काच परत धुरकटली.

मी वाटीत बोटं घातली. वाटी रिकामी झाली होती.

मागं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. हिनं मान वर न करता पाण्याचा भरलेला तांब्या माझ्याकडं सरकवला.